वेबसाइट तुमची, मग आकडे दुसऱ्याकडे का?

कोकणात होमस्टे चालवणारे, हापूसच्या पेट्या घरपोच पाठवणारे बागायतदार, गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह, दिवाळी अंकाचे संपादक, योगवर्ग घेणाऱ्या ताई, वर्षाला चार पुस्तकं काढणारे प्रकाशक, अशा सगळ्यांशी मला बोलायचं आहे. तुम्ही पदरचे पैसे घालून कधीतरी वेबसाइट करून घेतलीत. उद्घाटनाच्या दिवशी ती सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलीत आणि त्यानंतर तिच्याकडे फारसं पाहिलं नाहीत. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला पगारी माणसं असतात. तुमच्याकडे नाहीत, आणि ती ठेवायची गरजही नाही.

तुम्हाला अधूनमधून फोन येत असतील. 'सर, तुमची साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, पहिल्या नंबरची गॅरंटी.' पलीकडचा माणूस तुमच्याच साइटबद्दल भराभर आकडे सांगतो. ते खरे की थापा हे पडताळायला तुमच्याकडे काहीच नसतं, आणि तिथेच सौदा त्याच्या बाजूने झुकतो. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच साइटमालकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. हे वाक्य पाठ असलं तरी फोनवरच्या गोड आवाजापुढे ते टिकत नाही. टिकतात ते स्वतःच्या हातातले आकडे.

हे आकडे गूगल फुकट देतं. त्या साधनाचं नाव सर्च कन्सोल. 2015पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत. जुन्या नावामुळे ते फक्त तांत्रिक लोकांचं असावं असा समज झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. प्रत्यक्षात बँकेचं पासबुक वाचता येणाऱ्या कुणालाही ते वाचता येतं. लोकांनी गूगलवर कोणते शब्द टाइप केले तेव्हा तुमची साइट त्यांच्यासमोर आली, कितव्या जागी आली, किती जणांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि तुमची कोणती पानं गूगलला मुळात माहीतच नाहीत, हे सगळं त्यात दिसतं.

काही जण म्हणतात, 'आम्ही बघतो की अधूनमधून. नाव टाकलं की आमचीच साइट पहिली येते.' तुमच्या फोनवर येणारच. तुम्ही तुमच्याच गावात बसून, स्वतःच्या संस्थेचं पूर्ण नाव टाकून शोधता आहात. गूगलचे निकाल ठिकाण, भाषा आणि आधीचा वापर यांनुसार बदलतात. शिवाय ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे तो तुमच्यापर्यंत कसाही पोचेल. प्रश्न आहे तो पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून तुमचं नाव न जाणता तुमच्यासारखंच काहीतरी शोधणाऱ्याचा.

आता उभारणीकडे वळू. यात तांत्रिक भाग दहा मिनिटांचा आहे, पण मालकीचा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात.

सर्वांत आधी संस्थेच्या किंवा व्यवसायाच्या नावाने एक वेगळं जीमेल खातं काढा. त्याचा पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडे असू द्या आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. सचिवांच्या भाच्याच्या खात्यावर काही ठेवू नका. भाचा हुशार असतो, पण पुढे तो बंगळुरूला नोकरीला जातो. या नव्या खात्याने सर्च कन्सोल उघडलं की ते दोन पर्याय पुढे करतं. पहिला 'डोमेन' आणि दुसरा 'यूआरएल प्रीफिक्स'. तुमचं स्वतःचं डोमेन असेल तर पहिलाच घ्या. त्यात तुमच्या नावाखालचं सगळं एकत्र मोजलं जातं, मग पत्त्याआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असो वा नसो, साधं एचटीटीपी असो वा सुरक्षित एचटीटीपीएस. दुसऱ्या पर्यायात यांतला प्रत्येक प्रकार वेगळा धरला जातो. त्यामुळे चुकीचा प्रकार नोंदवून 'आमच्या साइटवर कुणी येतच नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. साइट एखाद्या सेवेने दिलेल्या फुकटच्या उपपत्त्यावर असेल, तर मात्र दुसऱ्या पर्यायाशिवाय इलाज नाही.

मग ही साइट तुमचीच आहे हे सिद्ध करावं लागतं. डोमेनच्या पर्यायात गूगल एक लांबलचक अक्षरमाळ देतं. जिथून डोमेन विकत घेतलं तिथल्या खात्यात जाऊन, डीएनएसच्या विभागात 'टीएक्सटी' प्रकारची नोंद म्हणून ती जशीच्या तशी चिकटवायची आणि इकडे येऊन 'व्हेरिफाय' दाबायचं. कधी काही मिनिटांत काम होतं, कधी एखादा दिवस लागतो. लगेच झालं नाही म्हणून तीन-तीनदा नवी नोंद घालत बसू नका. आणि एकदा जमलं की ती नोंद तिथून काढू नका, कारण गूगल ती अधूनमधून तपासत राहतं आणि सापडली नाही तर मालकी रद्द करतं.

या टप्प्यावर अनेकांच्या लक्षात येतं की डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे नाही. तो साइट बनवणाऱ्याकडे आहे, किंबहुना डोमेनच त्याच्या नावावर आहे. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. त्या वेळी कार्डाने पैसे त्याने भरले, म्हणून नाव त्याचं लागलं इतकंच. पण दुरुस्ती आत्ताच करून घ्या, संबंध चांगले असताना. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून संस्थेचं खातं ठेवा, आणि साइट सांभाळणाऱ्याला 'सेटिंग्ज'मधल्या 'यूजर्स अँड परमिशन्स'मधून वापरकर्ता म्हणून जोडा. तिथे 'फुल' आणि 'रिस्ट्रिक्टेड' असे दोन दर्जे आहेत. काम करणाऱ्याला पहिला द्या, नुसते आकडे पाहणाऱ्या समिती सदस्याला दुसरा पुरतो. मालकीचा दर्जा कुणाला वाटू नका. मालक असलेला माणूस इतरांना जोडू शकतो, काढू शकतो आणि तुमची पानं शोधातून तात्पुरती लपवण्याची विनंतीही करू शकतो. जुन्या मालकाला यादीतून नुसतं काढूनही भागत नाही. त्याची पडताळणीची नोंद किंवा फाइल साइटवर तशीच राहिली, तर तो पुन्हा मालक होऊ शकतो. ती शोधून काढायला सांगा.

मालकी सिद्ध झाल्यावर पडदा बहुधा रिकामा दिसेल. आकडे यायला काही दिवस जातात. तोवर 'साइटमॅप' देऊन टाका. साइटमॅप म्हणजे तुमच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते मावतात, त्यामुळे तुमच्या-माझ्या साइटला ती कधी अपुरी पडणार नाही. वर्डप्रेस 2020पासून ही यादी आपोआप तयार करतं. तुम्ही फक्त तिचा पत्ता 'साइटमॅप्स'च्या चौकटीत टाकायचा. साइटमॅप दिला म्हणून पानं शोधात येतातच असं नाही, गूगलला ती लवकर सापडतात एवढंच.

आठवड्याभराने 'पेजेस' हा अहवाल उघडा. किती पानं गूगलच्या नोंदवहीत आहेत आणि किती बाहेर, हे तिथे दिसेल. बाहेरच्या पानांचा आकडा मोठा दिसला की लोक घाबरतात, आणि फोनवरचा तो गोड आवाज नेमका हाच आकडा दाखवून पैसे मागतो. घाबरू नका. खाली कारणं लिहिलेली असतात, ती वाचा. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणारी पानं, काढून टाकलेली पानं, तोच मजकूर दोन पत्त्यांवर असल्यामुळे वगळलेली पानं ही बाहेर असायलाच हवीत. साइटवर 40 पानं आहेत आणि नोंदीत 40च्या आसपास आहेत, तर बाहेरच्या यादीत 200 पत्ते असले तरी झोप उडवून घेण्यासारखं काही नाही.

काळजीची कारणं मोजकी आहेत. एक म्हणजे 'नोइंडेक्स'मुळे वगळलेलं पान. याचा अर्थ तुमच्या साइटनेच गूगलला 'हे पान नोंदवहीत घेऊ नकोस' असं सांगितलं आहे. वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट बांधताना ती टिकमार्क करतात आणि नंतर काढायची राहून जाते. संपूर्ण साइट केवळ त्या एका टिकमार्कमुळे अदृश्य राहू शकते. पैसे मागणाऱ्याला हो म्हणण्याआधी ती चौकट स्वतः पाहून घ्या. 'सर्व्हर एरर' वारंवार दिसत असेल तर होस्टिंगवाल्याला धरा.

आणखी दोन कारणं दिसायला सारखी आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळला आहे, पण गूगल अजून फिरकलेलं नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे गूगल येऊन गेलं, पान पाहिलं आणि ठेवून घ्यावंसं त्याला वाटलं नाही. दुसऱ्या प्रकारात बहुधा दोन ओळींची पानं असतात, नाहीतर इकडून-तिकडून उचललेला मजकूर. मराठी साइटवर सणांची माहिती, आरत्या, पाककृती यांची अशी हजारो पानं आहेत. तेच उकडीचे मोदक, तीच कृती, तेच फोटो. तिथे कोणतंही साधन उपयोगी पडणार नाही. तुमच्या आजीच्या उकडीत काय वेगळं होतं ते लिहा, नाहीतर ते पान काढून टाका.

मराठी साइटचं एक खास दुखणं इथे सांगायलाच हवं. आपल्याकडे छपाईचं काम वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झालं. जुन्या साइटवर तोच मजकूर तसाच चढवलेला आढळतो. फाँट असेल तर डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, आणि गूगलला दिसतो तो अर्थहीन अक्षरांचा ढीग. अशा पानावर तुकारामांविषयी कितीही मोलाचा लेख असो, 'तुकाराम' शोधणाऱ्याला तो सापडणं कठीण. तपासायला सोपा मार्ग आहे. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत त्या पानाचा पत्ता टाका. ते 'यूआरएल इन्स्पेक्शन' उघडेल. त्यात 'व्ह्यू क्रॉल्ड पेज' दाबलं की गूगलच्या हाती पडलेला मजकूर दिसतो. तिथे देवनागरी दिसली तर ठीक. नाही दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हे तुमचं पहिलं काम, बाकी सगळं त्यानंतर. दिवाळी अंकांची जुनी पानं नुसती स्कॅन करून पीडीएफ चढवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. निदान प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, लेखकांची नावं आणि दोन-चार ओळींचा परिचय साध्या मजकुरात टाका.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो 'परफॉर्मन्स'चा अहवाल. चार आकडे असतात. क्लिक्स म्हणजे किती वेळा लोक शोधातून तुमच्याकडे आले. इम्प्रेशन्स म्हणजे तुमचा दुवा किती वेळा निकालांत आला. सीटीआर म्हणजे दिसण्याच्या तुलनेत येण्याचं शेकडा प्रमाण. आणि सरासरी स्थान. उघडल्यावर पहिले दोनच चालू असतात, बाकीच्या दोन चौकटींवर टिचकी मारून तेही चालू करा. खाली 'क्वेरीज'ची यादी असते, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द. माझं मत विचाराल तर सबंध सर्च कन्सोलमध्ये हीच यादी खरी मोलाची. जुना दुकानदार कोणतं गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाती गेलं हे ध्यानात ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तो माल भरायचा, तसंच काहीसं हे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दापोलीजवळच्या मुरूडला तुमचं होमस्टे आहे. महर्षी कर्व्यांचं हे गाव. अहवालात तुम्हाला 'मुरूड बीच', 'मुरूड हॉटेल' या शब्दांवर भरपूर इम्प्रेशन्स दिसतात आणि क्लिक जवळपास नाहीत. फोनवरचा तो माणूस सांगेल, 'सीटीआर कमी आहे, पॅकेज घ्या.' पण थोडा विचार केला तर कारण समोरच आहे. रायगड जिल्ह्यातही मुरूड आहे, जंजिरा किल्ल्याजवळचं, आणि मुरूड शोधणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तेच हवं असतं. ते तुमचा दुवा पाहतात आणि पुढे जातात, ते योग्यच करतात. तुमचं काम एवढंच की पानाच्या शीर्षकात, पहिल्या ओळीत आणि फोटोखाली नुसतं 'मुरूड' न लिहिता 'मुरूड, दापोली' असं लिहायचं. कदाचित इम्प्रेशन्स घटतील, पण येणारी माणसं खोली विचारणारी असतील. ही दुरुस्ती फोनवरच्या माणसाला सुचणार नाही, कारण त्याला दोन मुरूड ठाऊकच नाहीत. गिऱ्हाइकाचं गाव आणि गिऱ्हाइकाची भाषा तुम्हालाच कळते, म्हणून ही यादी तुम्ही स्वतः वाचली पाहिजे.

यादी वाचताना लोक कसं लिहितात तेही पाहा. हर्णै, हर्णे, हरणई. आंजर्ले, अंजर्ले. कुणी देवनागरीत, बरेच जण रोमन लिपीत मराठी, आणि काही निम्मं-निम्मं. गूगल यांतलं बरंच आपणहून जुळवून घेतं, सगळं नाही. देवनागरीतल्या क्वेरीज वेगळ्या पाहायच्या असतील तर 'क्वेरी'च्या गाळणीत 'कस्टम, रेजेक्स' निवडा आणि [अ-ह] एवढंच टाका. देवनागरी अक्षर असलेल्या सगळ्या क्वेरीज समोर येतील. रोमन लिपीतल्या पाहायच्या तर तिथेच 'डझंट मॅच' निवडा. आपला वाचक कोणत्या लिपीत शोधतो हे एकदा समजलं, की पानाच्या शीर्षकात ठिकाणाचं नाव दोन्ही लिप्यांत द्यायचं की नाही हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. मात्र म्हणून प्रत्येक चुकीचं शुद्धलेखन पानात कोंबू नका. ते वाचकाला खुपतं, आणि गूगललाही शब्दांची अशी भरताड आवडत नाही.

दोन गोष्टी इथे चकवतात. क्वेरीजच्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. हा हिशेबातला घोटाळा नव्हे. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल त्यांच्या खासगीपणासाठी दाखवत नाही, पण एकूण आकड्यात धरतं. पडद्यावरच्या यादीत जास्तीत जास्त 1,000 ओळी दिसतात हेही लक्षात असू द्या. दुसरा चकवा सरासरी स्थानाचा. तुम्ही कासव महोत्सवावर नवं पान लिहिलंत आणि ते सुरुवातीला चाळिसाव्या जागी दिसू लागलं, तर साइटचं सरासरी स्थान घसरलेलं दिसेल, जरी जुन्या पानांचं काहीच बिघडलेलं नसलं तरी. म्हणून सबंध साइटची सरासरी पाहू नका. एखादी क्वेरी किंवा एखादं पान निवडा आणि मग स्थान पाहा.

तारखांबद्दल सांगायचं राहिलं. सर्च कन्सोल 16 महिन्यांचे आकडे ठेवतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करता येते आणि ती करावीही. मे महिन्यातले आकडे जूनशी ताडून 'साइट पडली' म्हणणाऱ्या होमस्टेवाल्याने आधी खिडकीबाहेर पाऊस पाहावा. पण आपल्या सणांना हे सरळ गणित लागू पडत नाही. गणेश चतुर्थी 2024मध्ये 7 सप्टेंबरला होती आणि 2025मध्ये 27 ऑगस्टला. मखर, मूर्ती, मोदक किंवा गणपतीला कोकणात जाणाऱ्यांच्या मुक्कामाची साइट असेल, तर ऑगस्टशी ऑगस्ट ताडून पाहिल्यास एका वर्षी उगाच भरभराट दिसेल आणि दुसऱ्या वर्षी उगाच दिवाळं. 'कंपेअर'मध्ये स्वतःच्या तारखा टाकता येतात. चतुर्थीआधीचे तीन आठवडे या वर्षीचे आणि तेच तीन आठवडे गेल्या वर्षीचे, अशी तिथीला धरून तुलना करा. दिवाळी अंकवाल्यांनीही तसंच करावं. पंचांग जवळ ठेवून सर्च कन्सोल पाहणं यात हसण्यासारखं काही नाही.

नेहमीच्या अहवालात दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजला जातो. आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीड वाजतो तेव्हा तिथली तारीख बदलते. रविवारी सकाळच्या पुरवणीत तुमच्या संस्थेवर लेख आला आणि वाढ शनिवारच्या खात्यात दिसली, तर त्याचं कारण हे.

कधी कधी आकडे हलतात आणि लोकांचं वागणं मात्र तसंच असतं. सप्टेंबर 2025मध्ये गूगलने एका पानावर 100 निकाल दाखवण्याची जुनी सोय बंद केली. त्यानंतर अनेक साइटची इम्प्रेशन्स एकदम खाली आली आणि सरासरी स्थान सुधारलेलं दिसलं. स्थान मोजणारी यंत्रं ती सोय वापरून दूरदूरचे निकाल उघडत असत. त्यांच्यामुळे फुगलेला आकडा गळला, असाच याचा अर्थ बहुतेक जाणकारांनी लावला. क्लिक जागच्या जागी असतील तर अशा पडझडीकडे दुर्लक्ष करा. याच्या उलट, इम्प्रेशन्स टिकून आहेत, स्थानही तेच आहे, पण क्लिक हळूहळू आटत आहेत, असं दिसलं तर ते खरं मानायला हवं. गूगल आता पुष्कळ प्रश्नांची उत्तरं निकालांच्या वरच यंत्राकडून लिहून देतं. 'हर्णै ते दापोली अंतर' असल्या प्रश्नासाठी माणूस आता तुमच्याकडे येईलच असं नाही, आणि त्यावर दुःख करण्यातही अर्थ नाही. तुमच्याच अंगणाचा फोटो, या हंगामाचा दर, जेवणात काय मिळेल, वयस्क माणसांना किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे विचारणारा येतो. त्याच्यासाठी पान लिहा.

पानं उघडायला किती वेळ लागतो याचाही एक अहवाल आहे. लहान साइटला तो बऱ्याचदा 'पुरेशी माहिती नाही' असंच सांगतो, म्हणून त्यात अडकू नका. फोनवरून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, एवढी खबरदारी बहुतेकांना पुरते.

मात्र सर्च कन्सोलकडून येणाऱ्या मेलकडे दुर्लक्ष करू नका. त्यासाठीच ते जीमेल रोज कुणीतरी उघडलं पाहिजे. वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या वर्डप्रेस साइट फोडल्या जातात. पहिलं पान जसंच्या तसं राहतं आणि मागे जुगाराची, औषधांची, जपानी भाषेतली हजारो पानं उगवतात. शाळेच्या साइटवर हे होतं, देवस्थानच्या साइटवरही होतं. विश्वस्तांना पत्ता लागतो तो कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवल्यावर. सर्च कन्सोलमध्ये ते आधी दिसतं. 'सिक्युरिटी इश्यूज'मध्ये इशारा येतो, क्वेरीजच्या यादीत भलतेच शब्द दिसू लागतात, नोंदीतल्या पानांचा आकडा अचानक फुगतो. आणि 'नवा मालक जोडला गेला' अशी मेल आली व तुम्ही कुणालाही जोडलेलं नसेल, तर त्याच दिवशी साइट सांभाळणाऱ्याला गाठा. घुसखोर स्वतःला मालक म्हणून नोंदवतात ही नेहमीची चाल आहे. पण अशा मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नका. सर्च कन्सोल वेगळं उघडून तिथे खात्री करा, कारण गूगलच्या नावाने खोट्या मेलही येतात.

रोज आकडे पाहू नका. त्याने फक्त जीव वरखाली होतो. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चं बटण रोज दाबण्यानेही काही होत नाही. नवं किंवा मोठा बदल केलेलं पान असेल तर एकदा दाबा आणि विसरा. महिन्यातून एकदा अर्धा तास काढा. क्वेरीजची यादी वाचा, लोक विचारतात पण आपल्या साइटवर ज्याचं उत्तर नाही असा एक प्रश्न निवडा आणि त्याचं पान लिहा. पुढच्या महिन्यात त्या पानाचं काय झालं ते पाहा. एवढं वर्षभर करणारे फार थोडे असतात.

आणि कुणाची मदत घ्यायचीच झाली तर जरूर घ्या. या क्षेत्रात चांगलं काम करणारी माणसं आहेत, आणि ती पैसे घेतात हे योग्यच आहे. पण त्यांना तुमच्या सर्च कन्सोलवर वापरकर्ता म्हणून जोडा, स्वतःचा तक्ता बनवून आणू देऊ नका. कोणत्या क्वेरीवर, कोणत्या पानासाठी, किती महिन्यांत काय करणार हे लेखी मागा. तुमचं नाव असलेल्या क्वेरीज वगळून निकाल दाखवायला सांगा, कारण स्वतःच्या नावावर पहिलं येणं ही कुणाची करामत नसते. 'ते सगळं आमच्या सिस्टिममध्ये असतं, तुम्हाला कळणार नाही,' असं जो म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

तर हा अंक खाली ठेवलात की साइट बनवणाऱ्याला फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून कुणाचं खातं आहे. दोन्हींचं उत्तर तुमची संस्था हे नसेल तर ते याच आठवड्यात बदलून घ्या. साइट सर्च कन्सोलमध्ये कुणीच नोंदवलेली नसेल तर आजच नोंदवा, कारण तिचे आकडे नोंदणीनंतर साठायला लागतात, आणि पुढच्या हंगामात तुलनेला तुमच्या हाती तेवढेच असतील.